बाटलीतली प्रथिनं आणि बाबांचे गुडघे

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«बाबा ६६ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे झिजलेत. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतात. ओळखीतल्या एकांनी सुचवलं म्हणून आम्ही एका दवाखान्यात गेलो. तिथे ‘स्टेम सेल सिक्रिटोम’ची पाच इंजेक्शनं घ्या म्हणाले. आम्ही पेशी टोचत नाही, पेशींनी बाहेर सोडलेली प्रथिनं टोचतो, त्यामुळे धोका काहीच नाही. ही प्रथिनं गुडघ्यातल्या झोपलेल्या स्टेम सेलना जागं करतात आणि कूर्चा पुन्हा वाढते, असं त्यांचं म्हणणं. धाकटा भाऊ बायोटेक्नॉलॉजी शिकतोय. तो म्हणतो, विज्ञान खरं आहे, आमच्या पुस्तकातच आहे. मला धास्ती वाटते, पण का ते नीट सांगता येत नाही. बाबा आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघतात. पुढच्या आठवड्यात आगाऊ रक्कम भरायची आहे. काय करू? — गोंधळलेली मुलगी»

ताई, रक्कम तेवढी भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या भावाला मी खोटं पाडणार नाही, कारण तो म्हणतोय ते विज्ञान खरंच आहे. माझं अर्धं आयुष्य त्याच विज्ञानाच्या कल्चर रूममध्ये, म्हणजे बशीत पेशी वाढवतात त्या खोलीत, गेलंय. सुरुवातीच्या वर्षातली एक फजिती सांगते, म्हणजे ही प्रथिनं काय चीज आहे ते कळेल.

आमच्याकडे उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेल वाढवत असत. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी: स्वतःसारख्या आणखी पेशी घडवतात आणि वेळ आली की दुसऱ्या, कामाच्या पेशीही बनू शकतात. या पेशी बशीत जिवंत ठेवणं सोपं, पण त्यांना ‘स्टेम सेल’ म्हणून टिकवणं अवघड. त्यासाठी मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, एलआयएफ नावाचं प्रथिन घालावं लागतं. प्रमाण किती, तर एका मिलिलिटरला साधारण १० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एका शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने मी नवी बाटली तयार केली, लेबल लावलं, पेशींना दिली आणि घरी गेले. एलआयएफची इवलीशी कुपी फ्रीजरमध्येच राहिली होती. सोमवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर ओळख पटेना. शुक्रवारी त्या पेशींच्या वसाहती गोल, फुगीर, कडा चमकणाऱ्या होत्या; दवाचे थेंब ठेवावेत तशा. आता त्या चपट्या होऊन चहूबाजूंनी पसरल्या होत्या, कडेच्या पेशींना लांबट शेपट्या फुटल्या होत्या. पेशी मेल्या नव्हत्या. उलट मजेत होत्या. फक्त त्या आता स्टेम सेल राहिल्या नव्हत्या. दुसरं काहीतरी व्हायच्या वाटेला लागल्या होत्या. त्या वाटेवरून त्या आपणहून परत येत नाहीत. सगळं फेकून दिलं आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

म्हणजे ही पेशींनी बाहेर सोडलेली, स्रवलेली प्रथिनं स्टेम सेलचं नशीब ठरवतात हे शंभर टक्के खरं. १९८१ साली उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेल प्रथम बशीत वाढवल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याखाली दुसऱ्या पेशींचा एक थर अंथरावा लागे. त्या खालच्या थराशिवाय चालत नसे आणि का चालत नाही ते कळत नसे. १९८८ साली उलगडा झाला: त्या थरातल्या पेशी एलआयएफ स्रवत होत्या. थर काढा, एलआयएफ घाला, काम भागतं.

आता माझ्या फजितीत दडलेली एक गोष्ट तुमच्या भावाला दाखवा. एलआयएफ त्या पेशींना ‘कामाला लागा’ म्हणत नव्हतं. ते म्हणत होतं, ‘आहात तशाच राहा.’ नूतनीकरण या शब्दाचा आपल्या मनातला अर्थ म्हणजे झिजलेलं भरून येणं. स्टेम सेलच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा आहे. पेशी दुभंगली की निदान एक लेक आईसारखीच राहिली पाहिजे, याला नूतनीकरण म्हणतात. झिजलेलं भरून काढायचं काम दुसऱ्या लेकीचं, आणि ती ते काम करायला लागते ती बहुधा हा ‘तशीच राहा’चा निरोप तिच्या कानापर्यंत पोचेनासा होतो तेव्हा. ‘झोपलेल्या पेशींना जागं करतो’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण कुठलं प्रथिन कुठल्या पेशीला काय सांगतं हे त्यात कुठेच नाही.

पोचण्याचा मुद्दा फार मोठा आहे, म्हणून जरा रेंगाळते.

स्टेम सेल शरीरात मोकाट फिरत नाहीत. त्यांना त्यांचा कोनाडा असतो. रे स्कोफिल्ड यांनी १९७८ साली ही कल्पना रक्ताच्या स्टेम सेलसाठी मांडली, आणि ती डोळ्यांना दिसण्याइतकी स्वच्छ दाखवून दिली ती फळमाशीने. मादी फळमाशीच्या अंडाशयातल्या प्रत्येक नळीच्या टोकाला दोन-तीन स्टेम सेल असतात. त्यांना चिकटून काही टोपीसारख्या पेशी बसलेल्या असतात आणि त्या एक प्रथिन स्रवतात. स्टेम सेल दुभंगते. टोपीला चिकटून राहिलेली लेक स्टेम सेलच राहते. दुसरी जेमतेम एका पेशीच्या अंतरावर ढकलली जाते आणि तिथे तिला तो निरोप पुरेसा ऐकू येत नाही; ती अंडं व्हायच्या मार्गाला लागते. दोन सख्ख्या बहिणी, आणि अंतर एका पेशीचं!

तुमच्या-माझ्या आतड्यातही हाच खेळ चालू आहे. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. त्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि खळग्याच्या तळाशी स्टेम सेल. त्यांच्या फटीफटीत पॅनेथ पेशी बसलेल्या असतात आणि विंट नावाचं प्रथिन स्रवतात. विंटची गंमत अशी की त्याला जन्मतःच मेदाची शेपटी जोडली जाते. मेद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे विंट दूर वाहून जाऊ शकत नाही. स्रवणाऱ्या पेशीवरून शेजारच्या पेशीवर जातं आणि तिथेच चिकटून राहतं. कानात सांगितलेली गोष्ट, चावडीवर दवंडी नाही. रूल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी या प्रथिनाचं जनुक १९८२ साली उंदराच्या स्तनाच्या कर्करोगात शोधलं. ते काम करत्या अवस्थेत शुद्ध करून हातात यायला २००३ साल उजाडलं. वीस वर्षं! त्या शेपटीनेच संशोधकांना रडवलं. आणि शुद्ध केल्यावरही साध्या, सीरम नसलेल्या मीडियममध्ये ते काही तासांत निकामी व्हायला लागतं. आम्ही ते बर्फात ठेवायचो, तरी प्रत्येक प्रयोगाआधी ‘आज हे जिवंत आहे का’ हे वेगळी चाचणी करून बघावं लागायचं.

ही शेवटची ओळ अधोरेखित करून ठेवा. दवाखान्यातल्या बाटलीपाशी आल्यावर ती लागणार आहे.

हे सगळं कळल्याचा फायदा झाला नाही असं मुळीच नाही. २००९ साली हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी आतड्यातली एकच स्टेम सेल घेतली आणि तिला मऊ जेलमध्ये ठेवून तीन प्रथिनं दिली: एक विंटचा आवाज वाढवणारं, एक वाढीला चालना देणारं आणि एक ‘थांबा’ म्हणणाऱ्या निरोपाचं तोंड बंद करणारं. त्या एका पेशीतून खळग्यांसकट चिमुकलं आतडं उगवलं. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. तुमच्या भावाच्या पुस्तकात त्याचा फोटो असणारच. मला आजही तो फोटो पाहिला की थरारायला होतं.

पण ‘थांबा’ म्हणणारं ते प्रथिन कुठलं ते बघा. त्याचं नाव बीएमपी. आतड्यात ते स्टेम सेलना आवर घालतं. उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेलना एलआयएफच्या जोडीने दिलं तर तेच बीएमपी ‘तशाच राहा’ म्हणतं. आणि तेच हाडाच्या वाटेवरच्या पेशींना ‘हाड व्हा’ म्हणतं. शब्द एक, ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. विंटचंही तेच. आतड्यात तो नसेल तर अस्तर झडून जाईल. पण त्याच निरोपाला लगाम घालणारं जनुक बिघडलं की मोठ्या आतड्याचा कर्करोग सुरू होतो. त्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत हाच बिघाड सापडतो. म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंत विंटचा निरोप जास्त झाल्यावर स्नायूच्या स्टेम सेल स्नायू बनवायच्या सोडून चिवट, जाळीदार ऊतीकडे झुकतात, असंही २००७ साली दिसलं. त्यामुळे ‘स्टेम सेलना चालना’ ही गोष्ट आपोआप चांगली ठरत नाही. कुणाला, कुठे, किती वेळ, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांना अर्थच नाही.

मग अशा प्रथिनांची औषधं झालीच नाहीत का? झाली, आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले. त्यांच्याकडे बघितलं की खरं औषध कसं दिसतं ते कळतं.

एरिथ्रोपोएटिन घ्या. मूत्रपिंडातून स्रवणारं हे प्रथिन अस्थिमज्जेत लाल पेशी घडवणाऱ्या पेशींना हुकूम देतं. यूजीन गोल्डवॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७७ साली शुद्ध केलं, तेही रक्तक्षयाच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी आटवून, त्यातून काही मिलिग्रॅम. १९८९ साली ते औषध म्हणून मान्य झालं. किंवा जी-सीएसएफ घ्या. रक्ताच्या स्टेम सेल अस्थिमज्जेतल्या आपल्या कोनाड्यात बसून राहतात, कारण तिथल्या पेशी एक धरून ठेवणारं प्रथिन स्रवत असतात. चार-पाच दिवस जी-सीएसएफ टोचलं की ती पकड सैल होते आणि स्टेम सेल रक्तात उतरतात. मग दात्याच्या हातातल्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून त्या वेगळ्या काढता येतात. दात्याची हाडं त्या दिवसांत ठणकतात. माझी एक मैत्रीण दाती होती, ती म्हणायची, ‘कोनाड्यातून भाडेकरू बाहेर काढल्याचं घरालाही कळतं.’ जगभरात आज अस्थिमज्जेच्या बऱ्याचशा प्रत्यारोपणांसाठी पेशी अशाच गोळा करतात.

ही दोन्ही प्रथिनं रक्तातून फिरायलाच घडलेली आहेत. टोचली की आपला पत्ता आपण शोधतात. जी प्रथिनं शेजाऱ्याशीच कुजबुजण्यासाठी घडली आहेत, तिथे घोडं पेंड खातं.

तिथेही लोकांनी वाटा काढल्या, आणि मला सगळ्यात हुशार वाटते ती उलटी वाट: निरोप द्यायचा नाही, निरोपाच्या तोंडावर ठेवलेला हात तेवढा काढायचा. हाडाच्या आत बसलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन स्रवतात. ते विंटचा निरोप हाड घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचू देत नाही. काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच नसतं आणि त्यांची हाडं विलक्षण घट्ट असतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यावरून स्क्लेरोस्टिनला पकडून ठेवणारं प्रतिपिंड तयार झालं, रोमोसोझुमॅब. २०१९ साली ते हाडं ठिसूळ झालेल्या, मोडण्याचा मोठा धोका असलेल्या स्त्रियांसाठी मान्य झालं. महिन्यातून एकदा, आणि बारा महिन्यांनंतर बंद. वर हृदयविकार आणि पक्षाघाताबद्दलचा ठळक इशारा. आतडं फार आखूड उरलेल्या रुग्णांना टेडुग्लुटाइड देतात. ते अस्तर वाढवतं, आणि म्हणूनच सुरू करण्याआधी मोठ्या माणसांची कोलोनोस्कोपी करून गाठी नाहीत ना ते बघतात. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेलेल्यांसाठी मज्जातंतूंच्या वाढीच्या प्रथिनाचे थेंब २०१८ साली मान्य झाले. तिथे पत्त्याचा प्रश्नच नाही, थेंब टाकायचा तो नेमका तिथेच.

या प्रत्येकाला एक नाव आहे, मोजलेला डोस आहे, थांबायची वेळ आहे आणि कागदावर छापलेला धोका आहे. धोका छापलेला नसलेलं वाढीचं औषध माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्या प्रथिनात पेशी वाढवायची ताकद आहे, त्यात नको तिथे वाढवायचीही आहे. बीएमपीचंच बघा. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवलं होतं की क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथे नवं हाड उगवतं. २००२ साली बीएमपी-२ कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झालं, कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून ठेवायचं म्हणून. डोस मिलिग्रॅममध्ये, शरीरात असतं त्याच्या कितीतरी पट, कारण बरंचसं वाहून जातं. मान्यता कमरेच्या मणक्यांपुरती होती, काहींनी ते मानेतही वापरलं, आणि २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकाला इशारा द्यावा लागला: मान आणि घसा सुजून श्वास अडकल्याच्या घटना घडल्या होत्या. ते काही भोंदू औषध नव्हतं. खरं, शुद्ध, ओळखीचं प्रथिन होतं.

आता गुडघा. वाटलं होतं त्याहून उशिरा आलो, पण वरचं सांगितल्याशिवाय पुढचं पटलं नसतं.

गुडघ्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. पेशी अगदी विरळ, आणि प्रत्येक पेशी स्वतःभोवतीच्या दाट जाळ्यात बंद. सांध्यात टोचलेलं प्रथिन तिथल्या द्रवातून काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जातं. तरीही एका प्रथिनाने खरंच कूर्चा वाढवून दाखवली. स्प्रिफर्मिन हे त्याचं नाव. आपल्याच शरीरातल्या एफजीएफ-१८ या स्रवणाऱ्या प्रथिनाचं कारखान्यात बनवलेलं रूप. ५४९ रुग्णांवरची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी एमआरआयमध्ये जास्त डोस घेतलेल्यांची कूर्चा खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा जाड निघाली. किती जाड, तर एका मिलिमीटरचा विसावा भाग. आणि दुखणं? त्यात दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांचंही दुखणं चांगलं कमी झालं होतं!

एवढं एक शुद्ध प्रथिन, मोजून दिलेलं, दोन वर्षं पाठपुरावा केलेलं, आणि पदरात पडलं ते हे. मी त्याला अपयश म्हणणार नाही. प्रौढ माणसाच्या गुडघ्यातली कूर्चा औषधाने जाड होऊ शकते हे कळणं लहानसहान नव्हे. त्यावर पुढचं संशोधन उभं राहील. पण बाबांना जिना उतरायचाय, आणि तो त्या विसाव्या भागाने उतरता आला नाही.

‘खोट्या इंजेक्शननेही बरं वाटतं’ हे बाबांना जरूर सांगा, हळुवारपणे. त्यांच्या त्या ओळखीच्यांना खरंच बरं वाटलं असेल. ते खोटं बोलत नाहीयेत. गुडघेदुखी भरतीओहोटीसारखी असते, माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तो भरतीच्या वेळी, आणि नंतर ओहोटी येतेच. २०२३ साली पावणेपाचशेच्या आसपास रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशींची इंजेक्शनं आणि साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन अशी तुलना झाली. वर्षभराने पेशींचं एकही इंजेक्शन स्टेरॉइडच्या पुढे गेलं नव्हतं.

आणि दवाखान्यातली ती बाटली. सिक्रिटोम म्हणजे पेशींनी मीडियममध्ये सोडलेलं सगळं. त्यात शेकडो प्रथिनं असतात, काही ‘वाढा’ म्हणणारी, काही ‘थांबा’ म्हणणारी, शिवाय एक्झोसोम म्हणतात तसले बारीक फुगे. ही कल्पना हवेतून आलेली नाही. टोचलेल्या पेशी बहुतेक वेळा थोड्या दिवसांत नाहीशा होतात, तरी प्राण्यांमध्ये काही फायदा दिसतो; तेव्हा तो त्यांच्या स्रावाचा असावा, हा तर्क रास्त आहे. अशा इंजेक्शनांत बहुधा वापरतात त्या, अस्थिमज्जेत वगैरे सापडणाऱ्या पेशींना आर्नल्ड कॅप्लन यांनीच १९९१ साली ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं आणि २०१७ साली त्यांनीच लिहिलं की आता ‘स्टेम सेल’ म्हणणं सोडा, या पेशी औषधी निरोप सोडतात म्हणून त्यांना तसं नाव द्या. पण त्या मिश्रणात काय उतरणार हे पेशी कुणाच्या, कितव्या पिढीच्या, कशावर वाढलेल्या, किती तास ठेवलेल्या यावर ठरतं. मी एकाच पेशींपासून दोन आठवड्यांच्या अंतराने काढलेलं मीडियम वापरून अगदी वेगवेगळे निकाल पाहिले आहेत, आणि ते आमच्या हातचं, आमच्या डोळ्यांदेखतचं. मगाशी अधोरेखित केलेली ओळ आठवा: काही तासांत मरणारी प्रथिनं. दूरवरून आलेल्या, फ्रीजमध्ये कधीपासून ठेवलेल्या बाटलीत काय जिवंत आहे हे कुणी तपासलंय?

‘पेशी नाहीत म्हणून धोका नाही’ हे तर साफ चूक. पेशी नसल्या तरी ते दुसऱ्याच्या शरीरातून आलेलं जैविक द्रव्य आहे. निर्जंतुक नसेल तर सांध्यात पू होऊ शकतो, आणि तो सांधा वाचवणं कठीण असतं. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एक्झोसोमच्या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला. गंभीर दुष्परिणामांच्या तक्रारी आल्या होत्या, आणि अशा एकाही उत्पादनाला त्यांची मान्यता नव्हती. याच जातकुळीतल्या पेशींच्या एका उपचाराला पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तिथे मान्यता मिळाली हेही सांगते, नाहीतर भाऊ म्हणेल मी एकच बाजू सांगितली. तो उपचार प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींनी शरीरावर उलटून हल्ला केलेल्या आणि स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांसाठी आहे. गुडघ्यांसाठी नाही.

भावाला एक काम द्या. त्याला विषयाची गोडी आहे, तिचा उपयोग करून घ्या. त्याने दवाखान्यात जाऊन विचारावं: बाटलीत नेमकी कुठली प्रथिनं आहेत आणि प्रत्येक किती? या बॅचची तपासणी केलेला कागद दाखवता का? हे गुडघ्यासाठी मान्यताप्राप्त औषध आहे का, असेल तर मान्यता क्रमांक काय? ही चाचणी असेल तर नैतिक समितीची परवानगी कुठे आहे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे का घेताय? उत्तरादाखल माहितीपत्रक आणि बरं वाटलेल्या लोकांचे व्हिडिओ पुढे आले, तर त्याला स्वतःलाच कळेल. त्याला जीडीएफ-११ ची गोष्टही वाचायला सांगा. २०१३ आणि २०१४ साली या स्रवणाऱ्या प्रथिनाने म्हाताऱ्या उंदरांची हृदयं आणि स्नायू तरुण होतात असे शोधनिबंध आले. वयाबरोबर ते रक्तात कमी होतं असंही म्हटलं गेलं. २०१५ साली दुसऱ्या गटाने दाखवलं की ते मोजणारी रसायनं त्याच्या एका जवळच्या भाऊबंदालाही मोजत होती, आणि जीडीएफ-११ मुळे स्नायूंची दुरुस्ती उलट मंदावते. नावाजलेल्या प्रयोगशाळा, नावाजलेली नियतकालिकं, आणि तरी वाद वर्षानुवर्षं चालला. वाद चालू असताना ते कुणी बाबांच्या मांडीत टोचलं असतं तर?

तुमच्या धास्तीचं कारण तुम्हाला सांगता येत नव्हतं ना? मला वाटतं ते हेच आहे. बशीतल्या पेशींना मी एलआयएफ देते तेव्हा बशी माझी, पेशी एका जातीच्या, मात्रा माझ्या हातात आणि चुकलं तर सोमवारी फेकून देता येतं. गुडघा फेकून देता येत नाही.

बाबांसाठी काय, ते बाकी आहे. या दवाखान्याशी संबंध नसलेल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उभं राहून काढलेला एक्स-रे सोबत न्या. झीज मध्यम असेल तर फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम शिकून ते नेमाने करणं आणि वजन जास्त असेल तर थोडं उतरवणं, यांचा पुरावा त्या पाच इंजेक्शनांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. दोन-तीन महिने तरी द्यावे लागतील. पहिल्या पंधरवड्यात बाबा कुरकुरतील. झीज शेवटच्या टप्प्यातली असेल तर सांधेबदलाची शस्त्रक्रिया आहे, तिचं नाव काढायला घाबरू नका. आणि त्यांच्यासमोर तुम्ही दोघं भांडू नका. दुखतंय त्यांना, निर्णयही त्यांचाच आहे. हे पत्र त्यांनाच वाचायला दिलंत तरी चालेल.

तोवर एक लहान गोष्ट आजपासून करता येईल. जिना उतरताना कठडा धरून जास्त दुखणारा पाय आधी खालच्या पायरीवर ठेवायचा, मग दुसरा. चढताना उलट, कमी दुखणारा आधी. बाबा सध्या कुठला पाय आधी टाकतात ते आज संध्याकाळी बघा.